लोकल आयडी चालत नाही

हिंजवडीला आमची नऊ जणांची टीम आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी दाभोसा धबधब्याचं रील टाकलं आणि दोन मिनिटांत मला टॅग केलं. "तू तिकडचाच ना? वीकेंडला जव्हारला जाऊ. राहायचं कुठे, तेवढं सांग."

मी तिकडचाच. जन्म बोईसरचा, बारावीपर्यंत शिक्षण बोईसरला. वडील तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं शिफ्ट करून रिटायर झाले. तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. आपल्याच भागात आपण कधी खोली घेऊन राहतो का?

ॲप उघडलं. बोईसर टाकलं तर एसी रूम, कंपनी बुकिंग, जीएसटीचं बिल. केळवे टाकलं तर समुद्राजवळचे रिसॉर्ट, रेन डान्स. डहाणू-बोर्डी टाकलं तर चिकूच्या वाडीतली घरगुती सोय. जव्हार टाकलं तर मोजक्या जागा, त्यातल्याही काहींवर एकही फोटो नाही. ज्या डोंगरासाठी माणसं एवढ्या लांबून येणार, त्याच डोंगरावर झोपायला सगळ्यात कमी खाटा.

डेटा असा विचित्र दिसला की आमच्या धंद्यात आधी जुने लॉग काढतात. मीही काढायला लागलो आणि थेट चौदाव्या शतकात पोचलो. पण त्याआधी एक रात्र सांगतो. हा प्रश्न मला टोचला त्याचं खरं कारण ती रात्र आहे.

तिसरं लॉज

तीन वर्षांपूर्वीचा जुलै. आईबाबा गावी राहायला गेलेत, बोईसरचा फ्लॅट भाड्याने दिलाय. त्याच्याच कागदपत्रांसाठी पुण्याहून निघालो होतो. रात्री बोईसरच्या एका मित्राकडे झोपायचं ठरलं होतं. पण गाडी पालघरलाच थांबली. पुढे रुळांवर पाणी. रात्रीचे साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस, रिक्षा एकही नाही. म्हटलं, घेऊ एक खोली.

पहिल्या लॉजवर आधार कार्ड दिलं. काउंटरवरच्या मुलाने पत्ता वाचला आणि कार्ड परत सरकवलं. "बोईसर? लोकल आयडी चालत नाही, दादा." दुसऱ्या लॉजवर तेच.

तिसऱ्या लॉजवर माझ्यापुढे एक जण उभा होता. चाळिशीचा, नखशिखांत भिजलेला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रेचं पाकीट. बायको दवाखान्यात ॲडमिट होती. वॉर्ड बायकांचा, त्यामुळे रात्री पुरुषांना थांबता येत नव्हतं. त्याच्या आधारवर जव्हार तालुक्यातल्या एका पाड्याचा पत्ता होता. "पालघर जिल्हा म्हणजे लोकलच," मॅनेजर म्हणाला. "अवं, पण मी डोंगरातनं आलोय, दोन गाड्या बदलून," तो म्हणाला. मॅनेजरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटी त्याला वाचता आली की नाही, माहीत नाही. तो बाहेर गेला.

मग मी. आता मी शहाणा झालो होतो. आधार काढलंच नाही. कंपनीचं कार्ड आणि मोबाइलवर पुण्याच्या घराचा भाडेकरार दाखवला. ड्रायव्हिंग लायसनही पुण्याचंच आहे. "हां, मग हे आधी दाखवायचं ना!" चौदाशे रुपये, चावी, वायफायचा पासवर्ड.

खोलीत डबल बेड होता. तो माणूस बाहेर पायरीवर उभा असलेला मला दिसला होता. मी काही बोललो नाही.

सकाळी एसटी स्टँडवर चहाच्या टपरीपाशी तो भेटला. त्यानेच मला ओळखलं आणि विचारलं, "झोप झाली का, दादा?" मी म्हटलं, "हो. तुमची?" तो म्हणाला, "एका बंद दुकानाची पडवी मिळाली. कोरडी होती."

स्थानिक पत्ता असलेल्या माणसाला खोली देऊ नये असा कायदा आपल्याकडे नाही, हे मला नंतर कळलं. लॉजवाले पोलिसांची कटकट नको म्हणून आपल्यापुरता तो नियम पाळतात. जवळच घर असलेला माणूस खोली मागतो म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं त्यामागचं गृहीतक. गावातलं प्रेमी जोडपं, दारू प्यायला आलेले मित्र, घरातून भांडून निघालेला कुणी. एक्स-रेचं पाकीट घेतलेला नवरा त्या गृहीतकात बसत नाही, पण नियम त्यालाही लागतो.

बैलाच्या कातड्याएवढी जागा

आता लॉग.

जव्हार संस्थानाची कहाणी जागा मागण्यापासूनच सुरू होते. चौदाव्या शतकाच्या आधी हा मुलूख एका वारली नायकाच्या ताब्यात होता, असं ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्ये नोंदवलंय. महादेव कोळी समाजातला एक सरदार, जयबा मुकणे, त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन दे. नायक हो म्हणाला. जयबाने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकाला एक जोडल्या आणि त्या दोरीने अख्खा मुलूख वेढून घेतला.

हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज शहराबद्दल, राणी डायडोच्या नावाने दोन हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते. म्हणजे इतिहास म्हणून ती शब्दशः घ्यायची नाही. पण कोणत्या भूमीवर कोणती गोष्ट रुजते, हे बघण्यासारखं असतं. जयबाच्या मुलाला, नीमशहाला, दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली ती १३४३ मध्ये. जव्हारच्या दरबाराला ही घटना इतकी मोठी वाटली, की पुढे जवळपास २०० वर्षं तिथल्या कागदपत्रांत त्या दिवसापासून कालगणना चालली. मुकण्यांचं राज्य ६०० वर्षं टिकलं आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं.

ही गोष्ट नेहमी जयबाची हुशारी म्हणून सांगतात. मला मात्र त्या वारल्याचं कुतूहल वाटतं. त्याच्या दारात कुणीतरी आलं, थोडी जागा दे म्हणालं आणि त्याने दिली. आयडी विचारला नाही.

विस्तवाचा मुक्काम

साधारण त्याच काळात, किंवा थोडं पुढे, या डोंगरांत आणखी एक पाहुणा राहून गेला. तो माणूस नव्हता.

इराणमधून आलेले पारशी संजाण बंदरात उतरले, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. दुधात साखर वगैरे. संजाण आज गुजरातेत आहे, आपल्या बोर्डी-घोलवडच्या पलीकडे. पुढे संजाणवर मुसलमानी फौज चालून आली आणि गाव पडलं, तेव्हा पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, उचलला आणि जवळच्या बहरोटच्या डोंगरावर नेला. हा डोंगर आज पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात येतो. तिथे कड्यात कोरलेल्या गुहा आहेत. १६०० च्या आसपास लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान' या काव्यात ही हकीकत येते. परंपरा सांगते, की हा अग्नी १२ वर्षं बहरोटला होता. तिथून तो वांसदा, मग नवसारी असा फिरला आणि १७४२ पासून उदवाड्याला आहे. बहरोटला पारशी अजूनही यात्रेला येतात.

बारा वर्षं विस्तव विझू द्यायचा नाही म्हणजे काय? लाकूड हवं, पाणी हवं, वर-खाली ने-आण करणारी माणसं हवीत. पावसाळ्यात ओलं सरपण पेटवून बघितलंय अशा कुणालाही विचारा. डोंगराने आणि आसपासच्या जंगलाने त्यांना सांभाळून घेतलं, एवढं तरी म्हणता येतं. डहाणू-बोर्डीच्या ज्या चिकूच्या वाड्यांत आज होमस्टे चालतात, त्यांतल्या बऱ्याच पुढच्या काळात इराणहून आलेल्या कुटुंबांनी लावल्या. शरण आलेली माणसं काही पिढ्यांनी यजमान झाली.

डोंगरावर मुक्काम केलेला सगळ्यात नावाजलेला पाहुणा अर्थात शिवाजी महाराज. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना महाराज जव्हारजवळ थांबले, तिथे राजा विक्रमशहा त्यांना भेटले आणि शिरपेच देऊन सत्कार झाला, म्हणून त्या माळाचं नाव शिरपामाळ, असं जव्हारमध्ये सांगतात. तिथे आज स्मारक आहे. माझ्या टीमला मी हे ठिकाण सांगितलं, तेव्हा एकाने विचारलं, "महाराजांनी तिथेच का थांबायचं ठरवलं असेल?" प्रश्न साधा, पण उत्तरही साधंच आहे. जव्हारच्या वाटेने गेलं की समुद्रकाठची ठाणी टळतात. जव्हार लांब होतं, आडबाजूला होतं, हाच त्याचा गुण होता. दोनशे वर्षांनी तोच दोष ठरला.

रेल्वे जिथे गेली नाही

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढले. त्यांना जागा आवडली, त्यांनी तिथे घर बांधलं आणि माथेरान थंड हवेचं ठिकाण झालं. तेव्हा आजचा पालघर जिल्हाही मॅलेट यांच्याच ठाणे जिल्ह्याला लागून आणि बराचसा त्यातच होता. मग माथेरानच का, जव्हार का नाही?

एक कारण उंचीचं. माथेरान सुमारे ८०० मीटर, जव्हार साडेचारशेच्या आसपास. खालच्या दमट हवेत ताप येतो आणि वर गेलं की टळतो, अशी साहेबांची पक्की समजूत होती. ताप डासांमुळे येतो हे कळायला अजून पन्नास वर्षं होती. दुसरं कारण मालकीचं. जव्हार संस्थान होतं, तिथे बंगल्याचे प्लॉट पाडायला साहेब मोकळा नव्हता. तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण रेल्वेचं. काही वर्षांतच पुण्याच्या दिशेची रेल्वे नेरळवरून गेली आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळ-माथेरान छोटी गाडी सुरू केली. इकडे बॉम्बे-बडोदा रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये सुरतेकडून मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पूर्ण झाला, पण तो सपाटीवरून, समुद्राला धरून. सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू असा. जव्हारला रेल्वे कधीच गेली नाही. ॲपवरच्या खाटा आजही याच रुळांच्या आसपास गर्दी करून आहेत.

रेल्वेबरोबर अनोळखी माणसं गावोगाव उतरू लागली आणि सरकारला त्यांची नोंद हवीशी झाली. १८६७ मध्ये सराई कायदा आला. वाटसरूंना उतरवून घेणाऱ्या प्रत्येक सराईची नोंदणी करायची, आणि मॅजिस्ट्रेटने मागितल्यास उतरलेल्या माणसांची माहिती सराईवाल्याने द्यायची. चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यात काही भटक्या जमातींवर जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला. त्यांनी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. हा दुसरा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण काउंटरवर कार्ड सरकवताना आपण ज्या नजरेसमोर उभे असतो, ती नजर या काळात घडत गेली: तू कुठला, आणि तू तुझ्या जागी का नाहीस?

याच रुळांवरून एक माणूस

सप्टेंबर १९१७. परदेशातून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच मार्गाने बडोद्याला गेले. बडोदा संस्थानाने त्यांना शिष्यवृत्ती दिली होती, त्या बदल्यात नोकरी करायची होती. नोकरी ठरलेली होती, प्रश्न होता राहायचं कुठे.

हिंदू हॉटेलात अस्पृश्याला जागा मिळणार नव्हती. एका पारशी धर्मशाळावजा उतारघरात त्यांनी चौकशी केली. तिथे पारशी नसलेल्याला राहता येत नसे. व्यवस्थापकाला दिवसाचं भाडं हवं होतं, म्हणून रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून बाबासाहेब राहिले. दीड रुपया रोज. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळच्या आत खोली सोडायला सांगून गेले. शहरात त्यांचे एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र होते. दोघांनीही वेगवेगळ्या सबबी सांगून असमर्थता दाखवली. दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवलंय.

ती गाडी डहाणू, बोईसर, पालघर ओलांडूनच मुंबईला गेली असणार. मी त्या मार्गावर हजारदा प्रवास केलाय, पण हे लक्षात यायला मला एका लॉजने हाकलावं लागलं.

माझी आणि त्यांची तुलना होऊच शकत नाही. मला एका रात्रीची गैरसोय झाली आणि खिशात दुसरा पत्ता होता, तोही खराच. पण पायरीवरच्या माणसाकडे एकच पत्ता होता, आणि तो त्याला कुठेही उतरू देत नव्हता.

याच काळात गाडगेबाबांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात ज्यांना कुणी उतरवून घेत नसे त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. मुंबईत दवाखान्यात आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना त्यांच्या नावाच्या धर्मशाळेचा आजही आधार असतो.

साहेबाचा बंगला, वारल्याची झोपडी

सपाटीवर रेल्वे होती, डोंगरात काय होतं? सरकारी विश्रामगृहं, जंगल खात्याचे बंगले आणि जमीनदारांचे वाडे. साहेब फिरतीवर आला की त्याचं सामान वाहायला, पाणी भरायला, लाकडं फोडायला पाड्यावरची माणसं फुकट राबवली जात. याला वेठ म्हणत. जमीनदार तर वर्षभर वेठ घेत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही जमीनदाराकडे राबत राहत, त्यांना लग्नगडी म्हणत. म्हणजे डोंगरात मुक्कामाची सोय होती, पण तिचं बिल मुक्काम न करणाऱ्याच्या नावावर फाटत होतं.

१९४५ मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या भागात आले. मे महिन्यात उंबरगाव भागात झरी इथे वारल्यांची मोठी परिषद झाली. वेठ बंद, लग्नगडी बंद आणि मजुरीत वाढ, अशा मागण्या पुढे आल्या. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मेले. गोदावरीबाईंनी हे दिवस 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलेत. पुस्तक मोठं आहे, पण मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते: त्या बंगल्यात उतरल्या नाहीत. पाड्यापाड्यावर चालत गेल्या, झोपड्यांतून राहिल्या, जे असेल ते खाल्लं. माणसं त्यांच्याशी बोलायला लागली ती त्यामुळे. कुठे राहायचं हा त्यांच्यासाठी सोयीचा प्रश्न नव्हता, कुणाच्या बाजूने उभं राहायचं याचाच तो भाग होता.

बोईसरला एवढ्या खोल्या का?

आता माझं गाव. मे १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी करार झाला आणि तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथे व्यावसायिक वीजनिर्मिती चालू झाली. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. मग एमआयडीसी आली, रसायनं, कापड, पोलाद. बाहेरून इंजिनिअर आले, कॉन्ट्रॅक्टर आले, ऑडिटर आले, मशीन दुरुस्त करायला येणारे आले. या सगळ्यांना एक-दोन रात्री झोपायला जागा हवी होती. बोईसरची लॉजं ती. तिथे कुणी फिरायला येत नाही, म्हणून बाल्कनी नसते, पण इस्त्रीची सोय असते.

कायम राहायला आलेल्यांची वर्गवारी वेगळी. केंद्राच्या लोकांना झाडांच्या सावलीतली कॉलनी. आमच्यासारख्यांना दोन खोल्या, मग कर्ज काढून फ्लॅट. उत्तरेकडून आलेल्या कामगारांना एका खोलीत आठ जण, शिफ्टप्रमाणे गादी वाटून. लहानपणी मला वाटायचं, कारखाना चोवीस तास चालतो तशी गादीही चोवीस तास चालते.

आणि काहींना या सगळ्यासाठी घर सोडावं लागलं. अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही समुद्रकाठची गावं उठली. ती युनिट २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाली. ज्यांचा जन्म लाटांच्या आवाजात गेला, ते पुनर्वसनाच्या वसाहतीत आले. मासेमारी करणाऱ्या माणसाला समुद्रापासून लांब घर दिलं की ते घर उरतं, राहायची जागा उरत नाही. या पुनर्वसनाचा वाद पुढे कोर्टात गेला.

जगायला जाणं

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. मुख्यालय जव्हारला व्हावं अशी डोंगरातल्या लोकांची मागणी होती. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या कुपोषण बळींमुळे जव्हारचं नाव देशभर गेलं होतं. सरकार जवळ असावं, एवढंच त्यांचं म्हणणं. पण मुख्यालय रुळांजवळ, पालघरला झालं. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकलही धावत होती, तेव्हा तो निर्णय सोयीचा वाटणं साहजिक होतं. सोय कुणाची, एवढाच प्रश्न.

नवा जिल्हा झाला आणि त्याचा एक परिणाम कुणी मोजला नसेल. जव्हार-मोखाड्याच्या माणसाला आता दाखल्याला, कोर्टाला, दवाखान्याला पालघरला यावं लागतं. काम एका दिवसात झालं नाही, शेवटची गाडी चुकली, तर मुक्काम आला. आणि जिल्हा एकच झाल्यामुळे तो काउंटरवर लोकल झाला.

त्यांच्याकडे एक शब्द आहे. भाताची कापणी झाली, दिवाळी सरली, की पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर, रेती-बांधकामाच्या कामावर खाली उतरतात. वसई, भिवंडी, कल्याण, कुठेही. याला ते 'जगायला जाणं' म्हणतात. कुणाच्या घराला कुलूप दिसलं आणि विचारलं, की शेजारी सांगतात, जगायला गेलेत. भट्टीवर राहायला काय असतं? कच्च्या विटांची कंबरेएवढी भिंत, वर गवत किंवा प्लॅस्टिक. पावसाआधी परत. आपण पावसात वीकेंडला वर चढतो, ते हिवाळ्यात सहा-सात महिन्यांसाठी खाली उतरतात. रस्ता तोच, वाघोबा खिंडीतला. खिंडीतल्या वाघोबाला नमस्कार करून दोघंही पुढे जातात. आपल्या मुक्कामासाठी ॲप आहे, रिव्ह्यू आहेत, कॅन्सलेशन पॉलिसी आहे.

तर राहायचं कुठे?

ग्रुपवर मी शेवटी जे लिहिलं ते असं.

समुद्रच बघायचा असेल तर केळवे. एखाद्या वाडवळ घरात राहा आणि पानाचे मळे बघा. निवांतपणा हवा असेल तर बोर्डी-घोलवड, आणि पाय धड असतील तर बहरोट चढा. एमआयडीसीत काम असेल तर बोईसर. पण जव्हार बघायचं असेल तर जव्हारलाच राहा. पालघरहून रोज वर-खाली करण्यात अर्धा दिवस घाटात जातो आणि आपला सगळा पैसा खालीच राहतो. खोलीत गरम पाणी बादलीने येईल. उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो, तेव्हा ती बादली जपून वापरा.

मग एका मैत्रिणीच्या ओळखीतून जव्हारजवळच्या एका कोकणा कुटुंबाचा नंबर मिळाला. घराला जोडून त्यांनी दोन खोल्या काढल्यात. फोन एका ताईंनी उचलला. नऊ माणसं, दोन रात्री, सगळं ठरलं. ठेवण्याआधी मी विचारलं, "ताई, माझं आधार बोईसरचं आहे. लोकल आयडी चालतो ना?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा समजावून सांगितला.

"बोईसरचे का? मग तर जवळचेच की," त्या म्हणाल्या. "ते कार्ड आल्यावर बघू. नागलीची भाकर खाता ना सगळे, ते सांगा."

गेलो, राहिलो. पडवी मोठी होती, रात्रभर पाऊस आत आला नाही. पहिल्या रात्री कुणीतरी भिजलेला माणूस दाराशी आला. वरच्या पाड्यावर जायचं होतं, ओढ्याला पाणी होतं. ताईंनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, कुणाचा कोण ते विचारलं. मग घोंगडी दिली. नोंद तिथेही झालीच, पण तो माणूस आत आल्यावर.

मी डबल बेडवर पडून ते ऐकत होतो. पालघरच्या त्या माणसाचं नावही मी विचारलं नव्हतं.